धुऱ्यावरचे वाणी

सोनाळ्याची कोकिळाबाई सहजासहजी कोणावर भरवसा टाकणारी नव्हती. वांगी मोजून द्यायच्या आधी व्यापाऱ्याच्या काट्यावर ती घरून वजन करून आणलेला दगड ठेवून बघायची. बुलढाण्याच्या कॉलेजातली फलक तिच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सागाच्या कुजक्या पाल्यात, चिमट्याने वाणी किडे वेचताना दिसली, तशी तिच्या कपाळाला आठी पडली.

"काऊन वं पोरी, माह्या वावरात काय शोधून राह्यली?"

"वाणी, काकू." फलकने बाटलीत पैशासारखा गोल झालेला किडा दाखवला. "ही जात कोणती आणि कुठपर्यंत सापडते, ते पाहतेय. नराच्या अंगावरच्या सातव्या कड्याचे पाय भिंगाखाली पाहिले की जात कळते."

किड्याचे पाय पाहायला इतक्या दुरून कोण येतं? त्यात फलकने मोबाईलमधल्या नकाशावर धुऱ्याच्या जागी ठिपका ठेवला. शेजारचा मोतीराम परवाच म्हणाला होता, दुर्मीळ जीव सापडला की वावर जंगल खात्याकडे जातं. त्यानेच हिला इकडचा रस्ता दाखवला असणार!

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोकिळाबाईने घमेलंभर वाणी वेचले आणि नाल्यापलीकडे मोतीरामच्या कपाशीत ओतून आली.

आठवड्याने फलक परत आली. कपाशीतून आली ती थेट कोकिळाबाईसमोर उभी राहिली.

"काकू, तुमच्या धुऱ्यावरची जात काळ्या मातीत मला आजवर दिसली नाही. आज दिसली, तीही एकाच जागी, ढिगाने. बहुतेक मेलेले. चालत गेले असते तर पांगले असते ना?"

तिची नजर कोकिळाबाईवरून हलेना. असं निरखून आजवर कोकिळाबाईच दुसऱ्याला पाहत आली होती.

"मी कोणाला सांगणार नाही," फलक म्हणाली. "पण हा कपाशीतला ठिपका ठेवला तर नकाशा खोटा होईल."

"म्याच टाकले," कोकिळाबाई शेवटी बोलली. "वावर जाईन म्हनून."

फलकने मोबाईल तिच्या हातात दिला. चौथी शिकलेल्या कोकिळाबाईने नोंद दोनदा वाचली. माती, झाडं, तारीख. मालकाचं नाव नाही, गट नंबर नाही. मग तीच पुढे झाली आणि धुऱ्यापासून वर टेकडीपर्यंत वाणी कुठे कुठे निघतात, ते दाखवत गेली.

दिवाळीच्या सुमारास फलकचा नकाशा आला. टेकडीवरून उतरलेली वाण्यांच्या हद्दीची रेघ तिच्या धुऱ्याशी, काळी माती लागते तिथेच थांबली होती. दुसऱ्या दिवशी कोकिळाबाईने तो आणि सातबारा तलाठ्यासमोर शेजारी शेजारी मांडले.

"साहेब, वावर माह्याच नावावर हाय ना, एकदा पाहून घ्या. पोरगी चांगली हाय. पन कागद शेवटी कागदच हाय."