बाचा थाळ, माझा बेस

मी घर सोडलं तेव्हा बा मला पेठच्या स्टँडपर्यंत सोडायला आला होता. काठी जमिनीवर आपटत तो एसटीच्या टायरकडं बघत उभा राहिला. आयनं नागलीच्या भाकरी फडक्यात बांधून दिल्या होत्या आणि ती पाड्यावरच थांबली होती, शेळ्यांकडं बघायला दुसरं कोणी नव्हतं. गाडी हलली तसा बानं खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "जेवत जा." सावळघाट संपेपर्यंत मी ते फडकं मांडीवर घट्ट धरून बसलो होतो.

हसा खुशाल. नाशिक म्हणजे काही परदेश नाही. सकाळी पाड्यावरून निघालं तर दुपारच्या जेवणाला माणूस शहरात पोचतो. पण तुमच्यातले जे माझ्यासारखे घाट ओलांडून इकडं आले त्यांना विचारा. येताना दोन तास लागतात, परत जाताना वर्षं जातात. आणि जे तिकडंच राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही इकडं मजा मारतो. मी अंबडच्या कंपनीत मशीनवर उभा राहतो आणि लग्नसराईत लॉन्सवर ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. मजा कुठं असते ते मला अजून सापडलेलं नाही.

बेस माझ्या गळ्यात पडला, मी काही मागितला नव्हता. कंपनीतल्या एकाचा ऑर्केस्ट्रा होता, त्यात की-बोर्डला माणूस होता, ड्रमला होता, गायला तर सगळेच तयार होते. ही चार तारांची गिटार कोणालाच नको होती, कारण ती वाजवणारा कोणाला दिसत नाही. लग्नात आजही कोणीतरी काका येऊन विचारतो, "दोन तारा तुटल्या का हो?" मी हो म्हणतो. डोक्याला ताप कशाला.

पण पहिल्यांदा जाड तार वाजवली आणि ती छातीत लागली, तेव्हा मला बाचा थाळ आठवला.

ज्यांना थाळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं माणूस गेला की त्याच्या दिवसाला थाळावर कथा सांगायची रीत आहे. काशाचा थाळ घ्यायचा, त्याच्या मधोमध मेणानं एक काडी उभी चिकटवायची, आणि दोन्ही हातांच्या बोटांनी ती काडी वरून खाली ओढत राहायची. थाळातून एकच जाड सूर निघतो आणि तो थांबत नाही. त्या सुरावर कथा चालते. कथा पुरी झाली की गेलेल्याची वाट मोकळी झाली असं मानतात. थाळ लागला नाही तर तो अर्ध्या वाटेवर अडकतो. आमच्या भागात बा थाळ लावायचा आणि कथाही तोच सांगायचा. लहानपणी मी त्याच्या पाठीला पाठ लावून बसायचो. एकदा मी विचारलं होतं, लोक तर कथाच ऐकतात, थाळ कोणी ऐकत नाही, मग तो लावायचा कशाला? बा म्हणाला होता, "थाळ ऐकायचा नसतो. त्याच्यावर बसायचं असतं."

शहरात येऊन मी तोच आवाज शोधत बसलो. पगार झाला की काहीतरी आणायचो. जुना अँप, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा खोका, आणला, तो गुरगुरायचा. आवाज एकसारखा ठेवणारं पेडल आणलं, त्यानं सगळा जीवच काढून घेतला. नव्या तारा खणखण वाजायच्या, मला त्या नको असायच्या. जुन्या, बोटांच्या घामानं मेलेल्या तारा मी जपून ठेवायचो आणि बायको विचारायची की घरात भंगार किती साठवायचं. द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत मुश्ताकभाईंचं स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. ऑर्केस्ट्राला साउंडही तेच लावतात. मी मिक्सरवर बेसचा खालचा आवाज वाढवायला गेलो की ते माझा हात बाजूला करायचे. "मिड दे बाबा, मधला आवाज. नुसता लो वाढवशील तर मांडव हलेल, गाणं नाही हलणार." मी ऐकायचो नाही. मला पाठीत चढणारा आवाज पाहिजे होता आणि तो मला फक्त खाली सापडेल असं वाटायचं.

बा माझं वाजवणं ऐकायला एकदाच आला. सिन्नरच्या एका कंपनीचं स्नेहसंमेलन होतं. धुतलेलं धोतर आणि टोपी घालून आला, आणि दिलेली खुर्ची सोडून थेट माझ्या अँपशेजारी जाऊन जमिनीवर बसला. पूर्ण कार्यक्रमभर त्यानं अँपवर तळहात ठेवला होता. साहेब लोक बघत होते, मला लाज वाटत होती, आणि छानही वाटत होतं. कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं बा?" तो विचार करून म्हणाला, "थाळ हाय यात. पण लय जेवलेला हाय. त्याला पळता येत नाय." मुश्ताकभाई हसून हसून दमले. इतकी वर्षं ते जे सांगत होते ते म्हाताऱ्यानं एका वाक्यात उरकलं होतं. दुसऱ्याच कार्यक्रमापासून मी खालचा आवाज कमी केला, तारांखाली स्पंजची पट्टी सरकवली आणि बोटांऐवजी अंगठ्यानं वाजवायला लागलो. तेव्हापासून माझा आवाज बरा आहे. लोकांना अजूनही तो ऐकू येत नाही, पण मी थांबलो की गाणारा मागं वळून बघतो.

मग बा खंगत गेला. दम लागायचा. नाशिकला आणलं की चार दिवसांत "मला घरी सोड" सुरू व्हायचं. पाड्यावर थाळ शिकणारं कोणी उरलं नव्हतं, सगळी तरणी माणसं द्राक्षाच्या बागांवर कामाला उतरतात. शेजारच्या पाड्यावरच्या थाळवाल्याच्या हाताला कंप सुटला होता. मी एका रविवारी दुपारी गेलो आणि बाला म्हटलं, "एक कथा लाव, फोनमध्ये भरून ठेवतो." त्यानं नाही म्हटलं नाही. मेण चुलीपाशी मऊ केलं, काडी बसवली आणि धापा टाकत अख्खी कथा सांगितली. मी फोन त्याच्यासमोर ठेवून त्याच्या पाठीला पाठ लावून बसलो होतो. लहानपणीसारखाच तो सूर मला पाठीतून लागत होता. त्यामुळं फोनमध्ये काय जातंय हे बघायचं माझ्या मनातही आलं नाही.

बा गेला तेव्हा मी कंपनीत सेकंड शिफ्टला होतो.

मातीनंतर आय फक्त एकच गोष्ट विचारत राहिली. "त्याच्या दिवसाला थाळ कोण लावील रे?" ज्यानं गावातल्या सगळ्यांची वाट मोकळी केली त्याच्याच दिवसाला थाळ नाही, हे तिच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. मी तिला म्हटलं, "आय, बाच लावील. माझ्याकडं त्याचा थाळ हाय." ती माझ्याकडं बघत राहिली आणि मग पहिल्यांदा जेवली.

दिवसाच्या आदल्या दिवशी मी बॅटरीवर चालणारा स्पीकर आणायला द्वारकेला गेलो. म्हटलं एकदा लावून बघू. मुश्ताकभाईंनी फोन स्पीकरला जोडला. बाचा आवाज आला, स्वच्छ, समोर बसल्यासारखा. त्याची धाप आली, लांबून कोंबडं ओरडलेलं आलं. थाळ आला नाही. मी आवाज वाढवला. काडीवरून बोटं घसरल्याची बारीक खसखस आली, बास. मुश्ताकभाईंनी सगळी बटणं फिरवून बघितली, हेडफोन लावला आणि मग हळूच काढून ठेवला. "गणपत, फोनला काय, माणसाचा आवाज ठेवायला शिकवलंय. जे एकसारखं चालतं ते त्याला पंखा वाटतं, मोटर वाटते. तुझा थाळ त्यानं पंखा समजून काढून टाकला. अब वो इसमें है ही नहीं." मी म्हटलं, थोडा तरी असेल. ते म्हणाले, "असता तर मी शोधून वर आणला नसता का?"

आयुष्यभर मी खालच्या आवाजाशिवाय दुसरं काही ऐकलं नाही, आणि मीच तो तपासला नाही. हे दुसऱ्या कोणाच्या हातून झालं असतं तर मी त्याला शिव्या घातल्या असत्या.

संध्याकाळी पाड्यावर जाऊन मी भिंतीवरचा थाळ उतरवला, मेण लावलं, काडी उभी केली. कशाचं काय. काडी कुरकुरली, दोनदा मोडली, थाळातून सूर म्हणून निघाला नाही. बापाचा थाळ घरात होता, बापाची काडी होती, मेणही त्यानंच साठवलेलं होतं, आणि त्यांच्यासमोर मी परका बसलो होतो. आय दारातून सगळं बघत होती.

पूर्वी कथा रात्री बसायची. आता सगळ्यांना बागांवर परत जायचं असतं, म्हणून सकाळीच उरकतात. सकाळी अंगणात माणसं जमली. मी मधोमध थाळ ठेवला, त्याच्यामागं स्पीकर, आणि शेजारी माझा बॅटरीवरचा छोटा अँप घेऊन बेस मांडीवर घेतला. दोन-तीन म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. पेडल वगैरे काही नव्हतं. स्पंज तारांखाली होता. बा ज्या सुरावर टेकायचा तो त्याच्या गळ्यावरून शोधला, जाड तार तिथपर्यंत उतरवली आणि अंगठ्यानं हळूहळू वाजवायला लागलो, एक सूर विझायच्या आत पुढचा.

स्पीकरमधून बा बोलायला लागला. आय पदर तोंडाला लावून बसली होती. बा दम घ्यायला थांबायचा तिथं पूर्वी थाळ असायचा, आता फोनमध्ये तिथं काहीच नव्हतं. तिथं माझा अंगठा होता. मला रडू येत होतं पण हात मोकळा नव्हता.

कथेच्या मधेच स्पीकरमधून बा खोकला आणि म्हणाला, "गण्या, थाळ येतो ना रे त्यात?"

आणि माझाच आवाज अंगणभर घुमला. "येतंय बा. सगळं येतंय. तू सांग."

हे मी पूर्ण विसरलो होतो. द्वारकेला आम्ही एवढं पुढचं ऐकलंच नव्हतं. त्या दुपारी बानं विचारलं होतं, मी फोनकडं न बघताच हो म्हटलं होतं, आणि तो बिचारा विश्वासानं पुढं सांगत गेला. अंगणात सगळे माझ्याकडं बघत होते. मी मान खाली घातली आणि तोच सूर धरून ठेवला, कारण सोडला असता तर बाच्या आवाजाखाली काहीच उरलं नसतं. कथा पुरी होईपर्यंत अंगठ्याची कातडी सोलून निघाली.

माणसं जेवून पांगल्यावर आय थाळ पुसत बसली होती. मी तिच्याजवळ गेलो. मला फक्त एवढंच हवं होतं की तिनं सांगावं, झालं, मोकळी झाली त्याची वाट. ती म्हणाली, "थाळ नव्हता तो." आणि थाळ भिंतीला अडकवून, "पण बसला होता तुझा बा त्याच्यावर."

वाट मोकळी झाली का, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

आता आय पाड्यावर एकटी आहे आणि नाशिकला यायला तयार नाही. थाळ भिंतीवर आहे. घर कुठं असं कोणी विचारलं तर मी सिडकोचा पत्ता सांगतो, पण सुट्टीच्या दुपारी बायको झोपली की अँप बारीक करून ती फाईल लावतो. बा कथा सांगतो, मी खाली सूर धरतो, आणि तेवढ्यापुरता मी घरी असतो. मग तो थांबून विचारतो, थाळ येतो ना रे त्यात. स्पीकरमधला मी हो म्हणतो. इथं खोलीत बसलेला मी वाजवत राहतो.