भावजींच्या खांद्याचं माप

आमची ताई कोट शिवते. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिचं डोळ्यांनीच माप घेऊन झालेलं असतं. टेप ती नंतर फक्त त्याच्या समाधानासाठी लावते. मी तिची धाकटी बहीण. काजं-बटणं माझ्याकडे, आणि नसत्या चौकशाही माझ्याकडेच.

भावजींनी तिला सोडून दुसरीकडे संसार थाटला, तेव्हा मी इतकी लहान होते की मला त्यांचे फक्त बूट आठवतात. बाकी सगळे भावजी मला ताईच्या तोंडून माहीत. "काडीपैलवान नुसता! पोक काढून चालायचा. कोट घातला की हँगरला अडकवल्यासारखा दिसायचा." मग हिने घरच्यांशी भांडून त्यांच्याशीच लग्न का केलं, हे कोडं मला काही सुटेना. विचारलं की म्हणायची, "डोळे फुटले होते माझे."

यंदा भाचीचं लग्न ठरलं आणि तिने आईपुढे एकच हट्ट धरला. "बाबा येणार आहेत. त्यांचा कोट तूच शिवायचास."

आता कात्री उडते की काय, असं मला वाटलं. पण ताईने निमूटपणे कापड काढलं.

"अगं, त्यांना मापाला तरी बोलाव," मी म्हटलं.

"त्याचं माप? झोपेतही बेतीन."

कोट देखणा झाला. लग्न तोंडावर आलं तेव्हा भावजी ट्रायलला आले, आणि दुकानाचं दार भरून गेलं. मी बघतच राहिले. नवा कोट चढवला, तर बाह्या मनगटाच्या वर आणि पाठीची शिवण उसवायच्या बेतात. भाचीचा चेहरा पडला.

"सुटलायस तू!" ताई भडकली. "आधी सांगायचं नाही?" सुटल्यावर माणसाचे हात लांब होतात का, हे विचारायचा मोह मी आवरला.

भावजींनी खुर्चीवर काढून ठेवलेला आपला जुना कोट परत चढवला. अगदी अंगासरसा बसला.

"हाही तूच शिवला होतास," ते हळूच म्हणाले.

ताईने दोन्ही कोट कापायच्या टेबलावर एकावर एक पसरले. नवा जुन्याच्या आत सगळीकडून मावला. ती बराच वेळ जुन्याच्या खांद्यावरून हात फिरवत राहिली. मग टेप गळ्यात अडकवून मला म्हणाली, "ते स्टूल दे गं." माप घ्यायला तिला स्टूल लागलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. ती मात्र सवयीने त्यावर चढली.

भाची बाबांना सोडायला गेली. ताई त्याच स्टुलावर बसून राहिली.

"ताई, तू चुकलीस कशी गं?" मला राहवेना.

"चुकले कुठे?" तिने पदराने डोळे टिपले. "एवढा मोठा माणूस गेला माझा. रोज थोडा थोडा लहान केला, म्हणून तर जगले."