ठोकेसर

आमचे पीटीचे सर कुणीही भेटलं की नमस्काराऐवजी मनगट धरायचे. तीन बोटं नाडीवर, नजर घड्याळावर, ओठ हलताहेत. पंधरा सेकंद मोजायचे, चारने गुणायचे आणि मग म्हणायचे, "हां, आता बोला." भर ग्रामसभेत त्यांनी सरपंचांची नाडी मोजून "जरा बसा, लई पळतीय," असं सांगितलं होतं. पोरं त्यांना ठोकेसर म्हणायची. नव्या पोरांना वाटायचं, हे सर ठोकत असणार. मी तरी त्यांना कुणावर हात उगारताना पाहिलं नाही.

नांदूरघाटाजवळच्या आमच्या गावात ते एका खोलीत एकटेच राहायचे. बायको लग्नानंतर दोनच वर्षांत वारली, एवढंच गावाला ठाऊक होतं. कुणी विषय काढला तर म्हणायचे, "एकट्याचा स्वयंपाक लवकर उरकतो." आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागायचे.

मीही एकटी होते, पण वेगळ्या कारणाने. माझ्या हृदयाला जन्मापासून भोक होतं. नऊ वर्षांची असताना ऑपरेशन करून ते बुजवलं. डॉक्टर म्हणाले, आता हळूहळू खेळू द्या. आईच्या मनात मात्र ते भोक कधी बुजलंच नाही. वडील मांजरसुंब्याला एका ढाब्यावर स्वयंपाकी, महिन्यातून दोनदा घरी यायचे. सगळी राखण आईवर. खेळाच्या तासाला मी शाळेच्या पायरीवर बसायचे. पोरी चपला, ओढण्या, पाण्याच्या बाटल्या माझ्यापाशी टाकून मैदानात पळायच्या. तास संपला की आपापली वस्तू उचलून जायच्या. माझ्याशी बोलायचं कुणाला सुचायचं नाही.

सातवीत असताना एक दिवस सर शेजारी येऊन बसले. सवयीने मनगट धरलं.

"तू कावून खेळत न्हाईस?"

"माझ्या काळजाला भोक होतं, सर."

"होतं ना? आता हाय का?"

तेव्हापर्यंत हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

संध्याकाळी ते घरी आले. आईने चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं, "सर, एकच लेकरू हाय मला. तिला काय झालं तर मी काय करू?" सरांनी वाद घातला नाही. फक्त माझी दवाखान्याची फाईल मागून घेतली. पुढच्या तपासणीला आम्ही औरंगाबादला निघालो तेव्हा बसमध्ये आमच्या मागच्या सीटवर सर बसलेले! डॉक्टरांना त्यांनी किती प्रश्न विचारले. किती चालवू, कधी थांबवू, कशाला घाबरायचं. डॉक्टरांनी माझ्या हृदयाची सोनोग्राफी केली, फिरत्या पट्ट्यावर चालवून पाहिलं आणि आईच्या देखत कागदावर लिहून दिलं: हळूहळू व्यायाम वाढवावा.

मग रोज शाळेआधी मैदानाला फेऱ्या सुरू झाल्या. सरांचा नियम एकच. "चालताना बोलता आलं पायजे. शब्द तुटला की थांबायचं." त्यामुळे मला बोलावंच लागे. ज्या पोरीला वर्षानुवर्षं बोलायला कुणी नव्हतं, ती फेऱ्यांमागून फेऱ्या बडबडत राही आणि सर ऐकत राहत. दर सकाळी अंथरुणातच मोजलेले ठोके मी वहीत लिहायचे. आधी ते नव्वदच्या पुढे असायचे, दिवाळी जाऊन उन्हाळा आला तेव्हा ऐंशीच्या आत आले. मी घाबरले. काळीज मंद पडलं की काय?

सर हसले. "अगं, दमदार झालंय ते. एका ठोक्यात आधीपेक्षा जास्त रक्त ढकलतंय. मग त्यानं घाई कशाला करायची?"

आठवीत मी संथ पळायला लागले. श्रावणातल्या एका सोमवारी वर्गातल्या सगळ्या पोरींनी उपास धरला. मला त्यांच्यातली एक व्हायचं होतं. आईच्या नकळत मीही सकाळपासून काही खाल्लं नाही. त्या वर्षी फेऱ्या शाळा सुटल्यावर असायच्या. सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "जेवलीस का?" मी हो म्हणाले. दुसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे अंधार आला.

शुद्धीवर आले तेव्हा दवाखान्यात होते. हृदय ठीक होतं. दारात आई सरांवर ओरडत होती, "मी नको म्हणत हुते ना? माझ्या लेकराचा जीव घेणार हुता का तुमी?"

"चूक माझी हाय, ताई," सर म्हणाले. "मी जास्त पळवलं."

मी ठरल्यापेक्षा कमीच पळाले होते. मी ऐकलं आणि डोळे मिटून पडून राहिले.

शाळेने सरांना मैदानावरून काढून कार्यालयात बसवलं आणि वर्षाअखेर त्यांची बदली झाली. जाण्याआधी ते एकदाच घरी आले. उंबऱ्याबाहेर उभे राहून आईला म्हणाले, "माझ्यावर राग धरा, तिच्या काळजावर धरू नका. सकाळी तुमीच चाला तिच्यासंगं." दोन दिवसांनी आईने भल्या पहाटे मला उठवलं आणि आम्ही दोघी नांदूरघाटाच्या रस्त्याला लागलो. तिच्याशीही मी खरं बोलले नाही.

ते सांगायला मला बारा वर्षं लागली. सर निवृत्त होऊन अंबाजोगाईला राहतात असं कळलं, तेव्हा मी गेले. खोलीत खुर्ची एकच. ती मला देऊन ते पलंगाच्या कडेला बसले. मी एका दमात सगळं सांगितलं.

"माहीत होतं," ते म्हणाले. "तुला उचललं तवाच ध्यानात आलं. उपाशी लेकराचं तोंड कळतं की."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं, सर?"

"पोरगी खोटं बोलती म्हणलं असतं, तर आईनं तुला पुन्हा घराबाहेर सोडलं नसतं. माझी चूक म्हणल्यावर काय, नुसता मास्तर बदलला."

मला रडू आवरेना. त्यांनी पाणी दिलं. मग मला बसस्टँडवर सोडायला आले. बस लागल्यावर "जा आता" म्हणाले, पण स्वतः गेले नाहीत. बस वळेपर्यंत तिथेच उभे होते.

गेल्या वर्षी सर वारले. कळवणारं कुणी नव्हतं. दिवाळीचा फराळ घेऊन मी गेले, तेव्हा खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं. दार उघडणाऱ्या बाईने विचारलं, "तुमी त्यांच्या कोण?"

मी फराळाचा डबा तिच्या लेकरांना दिला आणि परत निघाले.