देवयानीशेजारचा पुसट दाणा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तसा मी घरातला गोष्टीवेल्हाळ — लग्नकार्यात चार माणसं जमली की स्वतःच्याच फजित्या रंगवून सांगणारा. कोजागरीची तर सगळ्यांना पाठ आहे. लोणावळ्याच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो. खंडाळ्याच्या एका बंगल्याच्या लिलावात मला पितळी दुर्बीण मिळाली, आणि आकाशातला एक अगदी पुसट ठिपका दाखवायला मी अर्धी आळी गच्चीवर बोलावली — कोजागरीला. चांदणं असं लख्ख, की ठिपका राहू दे, नक्षत्रंच धुऊन निघालेली. मंडळी आटीव दूध पिऊन घरी गेली.

हसलात ना? हसा. ही फजिती मी इतक्या वेळा सांगितली, ती तिच्यापुढचं सांगावं लागू नये म्हणून.

तो ठिपका म्हणजे काय, ते आधी सांगतो — बघा, अजूनही टाळतोच आहे. देवयानी नक्षत्रात एक मोठा तेजोमेघ आहे. खरं तर ताऱ्यांचं एक अख्खं दुसरं विश्व. त्याच्याशेजारी दोन खुजी विश्वं, लांबट, गव्हाच्या दाण्यासारखी. त्यांतलंच एक म्हणजे माझा ठिपका. त्यांत नवे तारे फारसे जन्मत नाहीत. आहेत ते बहुतेक म्हातारे, तांबूस. वर्षानुवर्षं ती सगळ्यांना नुसती धुरकट दिसायची. मग एका इंग्रजी मासिकात मी वाचलं, की अमेरिकेत कुणाला तरी त्यांतले तारे सुटे सुटे दिसले. कसे, तेही वाचलं होतं — डोंगरावरची, जगातली सगळ्यात मोठी दुर्बीण, लढाईमुळे खालच्या शहराचे दिवे मालवलेले, आणि तारे उमटले ते फोटोच्या काचेवर. माणसाच्या डोळ्याला नव्हेच. हे शेवटचं तेवढं मी कुणाला सांगितलं नाही.

लढाई संपली त्या सालचा कार्तिक होता. माझी मेव्हणी कुसुम आमच्याकडे राहायची, आणि तिला बघायला तळेगावहून मुलाची आई आली होती. सगळं छान झालं. पोहे झाले, कुसुमनं कंदिलाच्या उजेडात एका दमात सुई ओवून दाखवली. बाई खूश. तळेगावच्या गाडीला अजून तासभर होता. अवस जवळ आलेली, अंधार दाट — आणि मला कोजागरीची भरपाई करायची होती.

देवयानी डोक्यावर होती, म्हणून दुर्बिणीखाली गुडघे टेकून मान वर करावी लागायची. पहिल्यांदा मी बसलो. धुरकट दाणा दिसला, बस. आणि मी म्हणालो, "आहाहा. तांबूस, खसखशीएवढे तारे. सुटे सुटे."

का म्हणालो? कुणी विचारलंही नव्हतं.

मग टाकव्याचे आबा बसले; आमचा तांदूळ घेऊन आले होते. "लय हायेत की. शितं सांडल्यावानी," म्हणाले. आबांनी दुर्बिणीला लावलेला डोळा मिटला होता आणि दुसरा उघडा ठेवला होता, हे मी तेव्हाच पाहिलं. पाहिलं आणि मान डोलावली. पाठोपाठ तळेगावच्या बाईंनाही दिसले, तांबूसच.

कुसुम बसली. बराच वेळ बघत राहिली.

"भाऊजी, नुसतं धुरकट आहे. तारे नाहीत."

"नीट बघ. सगळ्यांना दिसले."

"नाहीत हो."

मग ही बसली — कुसुमची सख्खी थोरली बहीण, माझी बायको. "दिसतात," म्हणाली.

बाई गाडीसाठी उठल्या. आठवड्यानं मध्यस्थांकरवी निरोप आला — मुलगी गुणाची आहे, पण दृष्टी अधू. सुई काय, सवयीनं ओवता येते. आमच्या तालुक्यात असली बातमी माणसाआधी पोचते. पुढची दोन स्थळं घरी आलीच नाहीत.

सासऱ्यांनी कुसुमला पुण्याला नेऊन डोळे दाखवले. डॉक्टर म्हणाले, उत्तम आहेत. ती परत आली ती सरळ माझ्यापुढे उभी राहिली. "मग भाऊजी, मला का नाही दिसले?"

इथे थांबतो जरा. तोवरची नुसती बढाई होती, असं म्हणता येईल. पण आता? एक वाक्य पुरलं असतं — कुसुम, कुणालाच दिसत नाहीत. तळेगाव चार-पाच स्टेशनांवर होतं, जाऊन सांगता आलं असतं. पण मग शाळेत, आळीत, सासुरवाडीत मला काय म्हणाले असते? मी म्हणालो, "सवय लागते त्याला."

तिनं मान डोलावली. त्यानंतर तांदूळ निवडला की ती ताट कुणाला तरी दाखवून घ्यायची — एखादा खडा राहिला का बघ ना.

पुढे तिला जुन्नरकडे बिजवराला दिली. तिथे तिचं बरं चाललं आहे, असं ती म्हणते. मी दुर्बीण माळ्यावर टाकली. मेव्हणीला कमी दिसतं ही थट्टा घरात अजून चालते, आणि तीत मीही हसतो.

काल हे सगळं लिहून हिला वाचून दाखवलं. ही वाती वळत होती. वळायची थांबली नाही.

"मला तरी कुठे दिसले होते," म्हणाली. "तुमची लाज जाईल म्हणून दिसतात म्हटलं."

हिनं पुढची वात घेतली.

"मी तसं म्हटल्यावर कुसुम पुन्हा गुडघे टेकून बसली होती. तुम्ही नाही पाहिलंत. तुमच्या सांगण्यावर बसली नव्हती. माझ्या."