गोटीरामचं सिन्नरमधलं मस्कत

गावाने गोटीरामला निरोप दिला तेव्हा त्याची निवड झालेली नव्हती. निवड सोडा, चाचणीसुद्धा व्हायची होती. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, त्यातली गत! पण मखमलाबादकरांना कोण समजावणार? मारुतीच्या पारावर हलगी वाजली, नारळ फुटला, बायांनी ओवाळलं. गळ्यात हार इतके पडले की गोटीरामचे फक्त डोळे दिसत होते, आणि हारांतला सगळा झेंडू त्याच्याच मळ्यातला होता. आई नवसाबाई भेटेल त्याला सांगत होती, "माझा गोट्या मस्कतला चालला."

१९९८ सालची गोष्ट. मी शहरातल्या द्वारका चौकाजवळच्या जयरामभाऊंच्या कचेरीत कामाला होते. परदेशातल्या मालकांना इथून माणसं निवडून द्यायची, हा आमचा धंदा. त्याचं सरकारी लायसन भिंतीवर फ्रेम करून लावलं होतं आणि भाऊ रोज त्याला उदबत्ती ओवाळायचे. तिकडच्या मालकाने मागणीपत्र पाठवायचं: काम कोणतं, माणसं किती, पगार काय, राहण्याजेवण्याची सोय कोणाकडे. मग पेपरात जाहिरात, मालकासमोर चाचणी, डॉक्टरी तपासणी, करार, व्हिसा. शिवाय दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टवर मुंबईच्या सरकारी कचेरीचा शिक्का लागायचाच. हा क्रम मला तोंडपाठ होता आणि तो मोडू बघणाऱ्याचा मला मनस्वी संताप यायचा. अजून येतो.

गोटीरामचा मात्र राग धरता यायचा नाही. तिशीतला, हसरा, जन्म फुलमळ्यात गेलेला. घरी खाऊनपिऊन सुखी. लहानपणापासून ओझरच्या विमानतळावरची विमानं त्याच्या डोक्यावरून जात होती आणि त्यातलं एकही त्याच्यासाठी थांबलं नव्हतं, एवढंच त्याचं दुःख होतं. एकदा विमानात बसून समुद्रापलीकडे जायचं, काम करायचं आणि परत येऊन पारावर बसून ते सांगायचं, यासाठी तो गुडघ्याला बाशिंग बांधून बसला होता.

मस्कतच्या एका हॉटेलला पाच माळी हवे होते. तिथले बागप्रमुख सालेमसाहेब स्वतः आले. हिंदी झकास बोलायचे. गंगापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीत चाचणी ठेवली. प्रत्येक उमेदवाराला फुललेल्या झेंडूचा एकेक वाफा दिला. "पाहुणा बघून खूश झाला पाहिजे, असा वाफा करून ठेवा," असं सांगून साहेब चहाला गेले.

बाकीचे खुरपायला लागले, पाणी घालायला लागले, वाळकी पानं काढायला लागले. गोटीराम फुलं तोडायला लागला. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. फूल तयार झालं की तोडायचं आणि बाजार गाठायचा, झाडावर राहिलं तर नुकसान, हे त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दोन्ही हातांनी सपासप तोडून त्याने उपरणं गच्च भरलं.

साहेब परतले. सगळे वाफे केशरी, एक हिरवागार.

"फूल कहाँ गये?"

"हे काय साहेब, तोडून ठेवलेत ना!" गोटीरामने अभिमानाने उपरणं उघडलं. "एक पण नाय सोडलं."

सगळी नर्सरी हसली. फुलं झाडावरच बघायला कोणी पैसे देऊन हॉटेलात राहतं, ही बातमी गोटीरामला तेव्हा कळली. त्याचा चेहरा एवढासा झाला. मलाही वाईट वाटलं, पण मी काय करणार? चाचणी ती चाचणी.

पण तोडलेलं फूल टाकायचं नाही, हाही त्याच्या घरचा नेमच. त्याने सुई-दोरा मागून घेतला आणि निकाल लागेपर्यंत आंब्याखाली बसून भराभर हार ओवले. पाच नावं वाचली गेली, त्यात त्याचं नव्हतं. तो उठला आणि त्याने पहिला हार साहेबांच्या गळ्यात घातला. दुसरा जयरामभाऊंना. मग निवडलेल्यांना, मग न निवडलेल्यांना, मग मला, आणि शेवटी नर्सरीच्या कुत्र्याला. सालेमसाहेब इतके हसले की त्यांना खुर्ची द्यावी लागली. म्हणाले, "ये पाँच लोग फूल उगायेंगे, और ये तोडेगा! होटल के दरवाजे पर मेहमानों को हार पहनाने के लिए मुझे यही आदमी चाहिए."

गोटीरामने तिथल्या तिथे उडी मारली. त्याला खाली आणायचं काम माझ्याकडे आलं.

"साहेब, मागणी पाच माळ्यांची आहे. हार ओवणाऱ्याची नाही."

"ताई, घुसवा ना मला मधी कुठं!"

"तुझ्या नावाने काम नाही, करार नाही. तिकडे अडकलास तर कोणाच्या नावाने बोंब मारशील?"

साहेबांनाही ते पटलं. परत गेल्यावर नवीन मागणीपत्र पाठवतो, म्हणाले. त्याला वेळ लागणार होता. गोटीरामने कपाळावर हात मारला. "पण ताई, माझा निरोप झालाय! आता घरी गेलो तर मरेस्तोवर हसतील."

म्हणून तो द्वारकेवरून फकिराच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसून थेट सिन्नरला, सगुणाबाई या बहिणीकडे जाऊन लपला. अधूनमधून कचेरीत यायचा, भर मे महिन्यात तोंडाला मफलर गुंडाळून! "आलं का पत्र?" नाही म्हटलं की घाम पुसायचा आणि बहिणीच्या हातच्या ठेच्याचं कौतुक सांगत बसायचा. "लय भारी करती. अगदी आईसारखा."

तिकडे पंचवटीच्या बाजारात नवसाबाई फुलं विकत बसायची. गावच्या बाया विचारायच्या, "काय म्हणतंय मस्कत?" ती म्हणायची, "गरम हाय म्हणं."

शेवटी पत्र आलं. करार झाला, व्हिसा आला, मुंबईचा शिक्काही बसला. आता विमान तेवढं राहिलं. पण आईच्या पाया पडल्याशिवाय गोटीराम जाईना आणि एकटं गावात शिरायचं त्याला धाडस होईना, म्हणून मला बरोबर घेतलं. मफलर होताच.

जीप मखमलाबादला थांबली आणि हलगी वाजायला लागली. सगळं गाव पारावर उभं होतं. जीपवाला फकिरा याच गावचा; गोटीरामला सिन्नरला सोडल्याचं त्याने पहिल्याच संध्याकाळी गावात सांगून टाकलं होतं. तेव्हापासून नवसाबाईचा ठेचा आणि शेजारणींचे पापड त्याच्याच जीपमधून सिन्नरला जात होते. आत्ताही गळ्यात हार पडले, पण एकातही गोटीरामच्या मळ्यातलं फूल नव्हतं. घरोघरी ओवून आणले होते.

गोटीरामने मफलर सोडला. ढसाढसा रडत, हसत त्याने विचारलं, "आये, मग कोणीच हसलं नाय?"

"हसलो की! पोट दुखस्तोवर हसलो," नवसाबाई म्हणाली. "पण तुला कसं ऐकू येणार? तू मस्कतला व्हतास ना."