धूर पायलीनं मोजतात का शेरानं?

मित्रांनो, आज सावेडीत स्कूटरची पीयूसी करायला गेलो आणि एकटाच मोठ्यानं हसलो.

तपासणाऱ्या ताईंनी सायलेन्सरमध्ये नळी घातली. मी सहज विचारलं, "सगळ्या देशांत एवढाच धूर चालतो का हो?"

"न्हाई आजोबा, परतेक देशाचं माप येगळं. कुठं लई कडक, कुठं सैल."

मला एकदम एकाहत्तर-बाहत्तर सालचं आमचं गाव, मिरजगाव आठवलं. माझा वर्गमित्र वसंता अमेरिकेहून सुट्टीवर आला होता. स्टँडवर चहा पिताना म्हणाला, "तिकडं नव्या मोटारीचा धूर मोजतात. जास्त निघाला तर विकू देत नाहीत."

शेजारी बसलेल्या ट्रकवाल्या नामदेवअण्णांनी बशी खाली ठेवली. "धूर मोजत्यात व्हय? पायलीनं का शेरानं?"

सगळं हॉटेल हसलं. आमच्याकडे लांबून काळा धूर दिसला की एसटी आली म्हणायची. मला तर तो शाळेतल्या कवितेतल्या मेघासारखा वाटायचा.

ताईंना हे सांगितलं. त्या कसनुसं हसल्या, "पास झाली गाडी" म्हणाल्या आणि पुढच्या रिक्षाकडे वळल्या. धान्य मोजायची पायली त्यांनी कधी पाहिलीच नसणार.

वाटलं, वसंताला फोन करावा. पण तो गेल्या साली तिकडंच वारला. अण्णा तर केव्हाच गेले. आमच्या हिलाही हा किस्सा पाठ होता. असती तर माझ्याआधी हसली असती.

तुमच्याकडेही आहे का असा एखादा विनोद, ज्यावर हसणारे तुम्ही एकटेच उरलात? असेल तर इथं सांगा. कळला नाही तरी मी हसेन.