काटोलची बालुशाही

आमच्या घरात थापा मारणाऱ्याला थापाड्या म्हणत नसत. शेजारचे काका, मोठ्या साहेबांनी आपल्याला कसं घरी बोलावून चहा पाजला ते सांगून गेले, की त्यांची पाठ वळताच आत्या म्हणायची, "काटोलची बालुशाही!" आणि सगळे पोट धरून हसायचे. आई तेवढी हसायची नाही. ती बालुशाही तिची होती.

आई काटोलची. तिच्या वडिलांची संत्र्याची बाग होती. हंगामात ते माल घेऊन नागपूरला यायचे आणि परत जाताना मुलांसाठी बालुशाही न्यायचे. कुठल्या दुकानातून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मुलांना खाण्याशी मतलब. आई लग्न होऊन नागपुरात आली तोवर ते गेलेले होते. नव्या नवरीच्या हातावर कुणीतरी बालुशाही ठेवली, आणि तिनं भाबडेपणानं सांगून टाकलं, "माहे बा इथूनच आनत, त्या बालुशाहीची सर इले नाही." म्हणजे काय वेगळं होतं तिच्यात, असं विचारल्यावर तिला सांगता येईना. "तिले एक वास होता," एवढंच म्हणाली.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहायची, पण दिवस आमच्याच घरी काढायची. जिभेला हाड नसणं म्हणजे काय, ते मी तिच्याकडे बघून शिकले. ती तिथल्या तिथं म्हणाली, "आमी जन्मापासून नागपुरात राहून राहिलो, आमाले नाही दिसलं ते दुकान, अन् काटोलवाल्याइले बरं दिसलं!" झालं. तेव्हापासून काटोलची बालुशाही म्हणजे थाप.

पहिली काही वर्षं आई हसण्यावारी नेत असेल. मला कळायला लागलं तोवर तिनं माहेरचं काही सांगणंच सोडून दिलं होतं. बाग नाही, विहीर नाही, वडिलांचं तर नावही नाही. शेजारणीनं विचारलं, "तुमच्याकडे दिवाळीला काय करतात?" तर म्हणायची, "इथल्यासारखंच." ते "इथल्यासारखंच" ऐकलं की माझं डोकं फिरायचं. आपली आई काय आकाशातून पडली का?

एका रविवारी, मी तेव्हा पाचवी-सहावीत असेन, आत्यानं पुन्हा तोच विनोद केला आणि मी भर जेवणात ताटावरून उठले. "मी ते दुकान शोधून काढीन!" मी ओरडले. आत्या म्हणाली, "शोध नं माय, आमाले बी आनून दे." बाबा खाली मान घालून वरणभात कालवत होते. ते सहसा बहिणीपुढे मूग गिळून बसत. पण त्या दिवशी मान न उचलताच म्हणाले, "पुढच्या रविवारी निघू."

बाबांना नुकतीच स्कूटर मिळाली होती. नंबर लावून इतकी वर्षं वाट पाहिलेली, की ती दारात आल्यावर तिची पूजा करून आम्ही तिला नुसतं बघत बसलो होतो. आता तिला काम मिळालं. पुढे मी उभी, मध्ये बाबा, मागे पदर खोचून आई, अशी आमची वरात दर रविवारी बालुशाहीच्या मागावर निघायला लागली.

इतवारी झाली, महाल झाला, सीताबर्डी झाली. हलवायाच्या दुकानासमोर स्कूटर लावायची, पाव किलो घ्यायची आणि तिथंच उभ्या उभ्या चाखायची. आईची पद्धत ठरलेली. आधी नाकाशी धरायची. मग मधल्या खड्ड्यात अंगठा घालून मोडायची, आतले पापुद्रे सुटले की नाही ते बघायची, आणि मग एवढासा तुकडा तोंडात. मी तिच्या तोंडाकडे बघत उभी. ती हळूच म्हणायची, "ही नाही." एका ठिकाणी डालडा, एका ठिकाणी आत कच्ची, एका ठिकाणी पाक इतका की दात चिकटले. बाबा मात्र दिवसेंदिवस खुलत चालले होते. घरी भाजीत मीठ कमी की जास्त ते न कळणारा माणूस हलवायाला विचारायला लागला, "मोहन तुपाचं का? आच मंद ठेवता नं?" खाईन तर तुपाशी म्हणतात, त्यातली गत.

सदर बाजारातल्या एका बेकरीत तर गंमतच झाली. काचेच्या कपाटात साखर भुरभुरवलेली, गोल, तळलेली एक चीज दिसली. मध्ये आरपार भोक. बेकरीवाला म्हणाला, "डोनट है साहब." बाबांना वाटलं, असेल साहेब लोकांची बालुशाही. आम्ही ते घरी आणलं. आत्यानं त्याच्या भोकातून माझ्याकडे पाहत विचारलं, "इचं मधलं कोनं खाल्लं वं?" त्या दिवशी आईसुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. आत्याला माझी तेवढ्यापुरती माफी.

बाकी आत्याचा खाक्या एकच. आम्ही काहीही आणलं तरी अर्धा तुकडा तोंडात टाकायची आणि म्हणायची, "ठीक हाये." तिच्या तोंडचं "ठीक हाये" म्हणजे नापास.

शेवटी बाबांनीच डोकं चालवलं. "तुहे बा माल विकून झाल्यावर जात कुठं होते?" त्यांनी आईला विचारलं. आईनं आठवून सांगितलं, की बालुशाहीबरोबर नेहमी नवा कपडा यायचा. कपडा म्हणजे गांधीबाग. पुढच्या रविवारी आम्ही गांधीबागेत. कापडाच्या ठोक दुकानांच्या मागच्या बोळात एक काळवंडलेलं जुनं दुकान होतं, आणि तिथली बालुशाही, खरं सांगते, आम्ही खाल्लेल्या सगळ्यांत उत्तम होती. वरून खुसखुशीत, आतून पाकात भिजलेली, तोंडात घातली की विरघळणारी. बाबांनी डोळे मिटले. मी आईकडे बघत होते.

आईनं दुसरा तुकडा घेतला. पुन्हा नाकाशी धरला. मग म्हणाली, "लय चांगली हाये. पण ही नाही."

घरी आल्यावर आई पुडी सोडता सोडता म्हणाली, "जाऊ द्या आता. बाईच बरोबर म्हनतात. लेकराच्या जिभेले सगळंच गोड लागते. तसं काही नसनच." बाई म्हणजे आत्या. मला इतका राग आला की मी पायरीवर जाऊन बसले. आत्यानं थट्टा करणं वेगळं. आईनंच आपल्या वडिलांना खोटं पाडावं? आत्या आली, तिनं गांधीबागेची बालुशाही खाल्ली, आणि म्हणाली, "ठीक हाये."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मामाकडे बाळाचं बारसं निघालं. मामानं आमंत्रणाबरोबर ओळखीच्या माणसाच्या हाती संत्र्यांची एक करंडी पाठवली होती. संत्री संपली, बांबूची करंडी राहिली, आणि आता ती परत न्यायची होती. आमच्याकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. वाटीभर साखर आली तरी जाताना त्या वाटीत काहीतरी घालूनच द्यायचं. तशात बारसं. तेव्हा आईनं बाबांना सकाळीच गांधीबागेत पिटाळलं. तिच्या वडिलांची ती बालुशाही नसली तरी शहरातली सगळ्यांत चांगली होती ना. करंडीतलं वाळलं गवत काढायलाही वेळ नव्हता. आईनं त्यावरच एक धुतलेलं पातळ फडकं अंथरलं, बालुशाह्या रचल्या, वरून फडक्याचीच गाठ मारली, आणि आम्ही मोटार स्टँड गाठलं. आत्याही आमच्याबरोबर होती. पंगत असेल तिथं ती असायचीच.

एसटी खचाखच भरलेली. आत्याला खिडकीची जागा मिळाली, म्हणून करंडी तिच्या मांडीवर आली. ऊन थेट तिच्यावर आणि करंडीवर. "करंडी तुह्या भावाची अन् वझं माह्या मांडीवर," ती काटोल येईपर्यंत आईला ऐकवत होती; आत काय आहे ते मात्र तिनं विचारलं नाही.

मामाकडे पोचल्यावर मामीनं करंडी आत नेली आणि थोड्या वेळानं ओसरीवर सगळ्यांसाठी बश्या आणल्या. पाण्याचा तांब्या, बशीत बालुशाही. आत्याला भूक लागलेली. तिनं अख्खीच तोंडात कोंबली. दोनदा चावली आणि थांबली. मग सावकाश, अगदी सावकाश चावायला लागली.

"काहून वं," ती मामीला म्हणाली, "हे कोनत्या दुकानातली?"

मामी गोंधळली. "दुकान?"

"एवढी चांगली बालुशाही काटोलात मिळते, अन् आमाले कोनी सांगतलं नाही?"

बाबांच्या हातातला तांब्या हातातच राहिला. "बाई," ते म्हणाले, "तुह्याच मांडीवर बसून आली ते. गांधीबागेतली हाये. परवा तू ठीक हाये म्हनली, तेच."

"काहीतरीच नको सांगू मले," आत्या उसळली. "तिले हा वास कुठं होता?"

वास! मी आईकडे पाहिलं. तिनं बालुशाही नाकाशी धरली होती आणि ती रडत होती. मी तिच्या हातची हिसकावून खाल्ली. तुपात संत्र्याच्या सालीचा वास मुरला होता, थोडा कडसर, थोडा आंबट, आणि मागून गोडवा. उन्हानं करंडी तापली, गवतात राहिलेला वास तुपानं ओढून घेतला.

"हेच," आई म्हणाली. "हेच होती."

मामाला काही कळेना. आईनं सासरचं ते बोलणं माहेरी कधी कळूच दिलं नव्हतं. बाबांनी सांगितल्यावर तो म्हणाला, "मंग? बा कधी करंडी रिकामी घरी आनत होता का? संत्री इकली का त्यातच मिठाई, त्यातच कपडा. आमच्या दिवाळीच्या सदऱ्यालेबी संत्र्याचा वास ये."

मी ओसरीवरून खाली उडी मारली आणि "खरी होती! खरी होती!" असं ओरडत अंगणभर नाचले. बारशाला आलेल्या बायका बघायला लागल्या. लागेनात का. हातच्या काकणाला आरसा कशाला? आईचे बा जिंकले होते, आई जिंकली होती, आणि साक्षीला आत्याची जीभ होती, तीही न मागता. बाबा बश्या फिरवून सगळ्यांना आग्रह करत होते, जणू बालुशाही त्यांनीच तळली होती.

आत्या बसली होती तिथंच बसून होती. तिनं दुसरी खाल्ली. हात पदराला पुसले. मग तिनं सरकून सतरंजीवर आपल्या शेजारी जागा केली आणि आईला म्हणाली, "बस वं इथं. अजून काय काय आनत होता तुहा बा?"

आई बसली. आधी अडखळली, मग बोलायला लागली. बाग, विहीर, वडिलांचा बैल, कपड्याचे रंग, सगळं. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. आत्यानं एकदाही तिला मध्ये तोडलं नाही, आणि नागपूरची शेवटची एसटी निघून गेली तरी आमच्यापैकी कुणी उठलं नाही.